घोडके सरांचा वळसा

घोडके सर घरातून एकदा निघाले की मागं फिरलेले येरमाळ्यात कुणी पाहिले नव्हते. म्हणजे ते परत यायचे, रोज यायचे, पण वळून नाही, वळसा घालून. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं फिरायचं नसतं, फिरला की फाउल. हा नियम मैदानावरच्या चुन्याच्या रेघांपुरताच आहे, अशी बाकीच्या जगाची समजूत आहे. सरांपर्यंत ती पोचली नव्हती.

बाजाराची पिशवी घरी राहिली, काकू दारात येऊन "अवो, पिशवी" म्हणून हाका मारतायत आणि सर नुसता हात वर करून पुढंच चाललेत, हे मी शेजारी म्हणून कितीदा तरी पाहिलंय. ऐकू आल्याची ती खूण. मग ते स्टँडवरून, हायवेच्या कडेनं, देवीच्या कमानीखालून अख्ख्या गावाला फेरी घालून घराच्या मागच्या दारात हजर व्हायचे, पिशवी घ्यायचे आणि पुढच्या दारानं पुन्हा बाजाराला. पुढं पुढं काकूंनी पिशवीचा खिळाच मागच्या दारावर ठोकून घेतला. माझ्या लग्नात अक्षता टाकून जेवणाच्या मांडवात गेल्यावर त्यांना आठवलं, की आहेराचा टॉवेल-टोपी काखेतच राहिला. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत आजही दिसतं: मी आणि बायको स्टेजवर अवघडून उभे आहोत आणि आमच्या मागच्या पडद्यातून, आचाऱ्यांच्या बाजूनं, घामाघूम झालेले घोडके सर प्रकट होतायत. माझ्या सासुरवाडीच्या लोकांना अजून वाटतं, की ती आमच्याकडची रीत आहे.

अंगानं काटक, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना रोज खडूची पूड. गळ्यात शिट्टी, ती लग्नात आणि मयतीतसुद्धा. शाळेत ते खेळ आणि भूगोल शिकवायचे, पण भूगोलातही खेळच चालायचा. कुणाला फळ्यावर बोलवायचं तर नाव घ्यायचे नाहीत. मागून येऊन दोन खांद्यांच्या मधोमध तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "खो." उठायचं आणि पळायचं. खो देणारा उठलेल्याच्या जागेवर बसतो, म्हणून सर लगेच आमच्या बाकावर बसायचे आणि आम्ही फळ्यावरच्या नकाशात नर्मदा कुठं हरवली ते हुडकत राहायचो. त्यांच्या वैशालीच्या पाठवणीला ती काही केल्या गाडीत चढेना. आया-बायांनी समजावून झालं, नवरदेव घड्याळ बघून बघून दमला. शेवटी सर मागून आले, तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "खो." पोरगी रडता रडता हसली आणि गाडीत बसली. ती जी सुटली ती नवऱ्यापाठोपाठ थेट अमेरिकेला.

"बसलेला गडी सगळ्यात जागा पायजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. पळणाऱ्याला काय, पळायचंच असतं. पण पाठ करून बसलेल्याला खो कधी मिळेल ते सांगता येत नाही; त्यानं कान पाठीत घेऊन बसावं.

मी सरांच्या संघात होतो असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी चुन्याच्या बादलीचा प्रमुख होतो. खरा गडी बिभीषण. माझ्याच वर्गातला, उंच, हाडकुळा. खांबाला एका हातानं लोंबकळून तो असा झेपावायचा, की समोरचा आपण बाद झालो हे आधी कबूल करायचा आणि मग बाद व्हायचा. सर त्याच्याकडं बघताना शिट्टी तोंडात धरून ती वाजवायची विसरायचे.

आम्ही दहावीत होतो, जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. त्याच सुमाराला स्टँडमागच्या एका पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. एका संध्याकाळी बिभीषण सरावाला आला नाही. सरांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते सरळ त्या खोलीत गेले, भिंतीतला प्लग उपटला आणि बिभीषणला कानाला धरून भर आठवडी बाजारातून मैदानावर आणलं. मारलं नाही. त्याला रांगेतल्या त्याच्या जागी बसवलं आणि आम्हाला सांगितलं, याला आज कुणी खो द्यायचा नाही.

आम्ही सगळे त्याच्या पाठीमागनं पळत राहिलो. तो एका गुडघ्यावर, बोटं जमिनीला टेकवून, उठायच्या तयारीत बसलेला. पाठीशी पावलं वाजली की त्याचे खांदे ताठ व्हायचे. पावलं पुढं गेली की सैल पडायचे. कुंपणाला बाजारातली माणसं उभी राहून बघत होती. दिवेलागणीला शिट्टी झाली, तो उठला, ढुंगणाची माती झटकली आणि घरी गेला. मैदानावर तो परत आला नाही, शाळेतही त्यानंतर फार दिवस नाही. संघातली त्याची जागा मला मिळाली, कारण त्याची जर्सी दुसऱ्या कुणाच्या अंगाला बसत नव्हती. निवडीच्या सामन्यात मी उभा राहिलो आणि समोरच्याचा चेहरा नीट बघायच्या आत बाद झालो.

सरांनी बिभीषणला पुन्हा बोलावणं धाडलं नाही. दिशा धरली होती.

पुढं तो लातूरला जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम शिकून आला आणि हायवेला त्यानं दुकान टाकलं. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, स्टॅबिलायझर, जे जे जळतं ते त्याच्याकडं जातं. सरांचा वळसा नेमका त्या दुकानावरून जायचा. तेवढ्या पट्ट्यात सरांची नजर हायवेच्या पलीकडच्या ज्वारीत असायची. ज्वारी काढून रान मोकळं झालं तरी ते तिकडंच बघायचे.

मी त्याच शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो. सर निवृत्त झाले, तरी रोज संध्याकाळी पोरींचा सराव घ्यायला यायचे. आणि मग एका सकाळी दाढी करता करता त्यांची उजवी बाजू गेली. सोलापूरच्या डॉक्टरांनी वाचवलं. पाय काठीवर आला, बोलणं जड झालं, पण उजवा हात काही येईना. दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा तो मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात हलवत राहिलात तर येईल, नाहीतर हा असाच राहील. सरांनी व्यायामाचा रबरी चेंडू काठीनं पलंगाखाली ढकलला आणि खुर्ची भिंतीकडं तोंड करून घेतली. शिट्टी खिळ्याला गेली. काकू माझ्याकडं येऊन पदराला डोळे पुसायच्या आणि परत जाताना हसऱ्या तोंडानं जायच्या.

वैशालीनं तिकडून एक खोकं पाठवलं. तिची पोरं मोठी झाली होती, त्यांचा जुना व्हिडिओ गेम घरात पडून होता. हातात एक छोटी दांडी धरायची, हवेत हात हलवला की टीव्हीवर चेंडू सुटतो आणि समोरच्या लाकडी बाटल्या पडतात. तिकडं अशा पेशंटना हात यावा म्हणून हेच खेळायला लावतात म्हणे. सरांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि मान भिंतीकडं फिरवली. त्यांना काय आठवलं ते मला कळलं. मी उगीच खोक्याची चिकटपट्टी सोलत बसलो.

जोडणीचा मान अर्थातच शेजारच्या विज्ञानशिक्षकाचा. काकूंनी टीव्हीपुढं पाट मांडून डब्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. गल्लीतल्या बायका दारात जमल्या. बायका बघायला असल्या की मी जरा जास्तच शिकवतो. मी त्यांना लाल, पांढरी आणि पिवळी वायर समजावून सांगितली. प्लगच्या पट्ट्या चपट्या होत्या, त्यांना जोड लावून त्या आपल्या भिंतीत बसवल्या. अमेरिकेतल्या घरात वीज आपल्या निम्म्या दाबानं येते, हे मी दरवर्षी पोरांना उदाहरण म्हणून सांगतो. ते उदाहरण मनात घोळवतच मी बटण दाबलं. टप् असा आवाज झाला, करपलेल्या पापडाचा वास आला आणि घरातली लाइट गेली.

अंधारात काकूंचा आवाज आला, "सतीश, असंच असतंय का रे ते?"

मी म्हणालो, पहिल्यांदा असंच होतं. भिंतीकडं तोंड केलेल्या खुर्चीत सरांचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, त्रास होतोय. जवळ जाऊन पाहिलं, तर अर्ध्या तोंडानं हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच. माझ्या बेअब्रूचा निदान तेवढा उपयोग झाला.

वैशाली फोनवर रडकुंडीला आली. तिनं खोक्याच्या झाकणावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, की थेट लावू नका. ते झाकण मी पाटाला टेकण म्हणून खाली घातलं होतं. डबा मात्र वाचला होता. जळाला होता तो त्याला वीज देणारा काळा ठोकळा. तसल्या पिनेचा ठोकळा आपल्याकडं मिळत नाही आणि तिकडून दुसरा मागवला तरी तोही निम्म्या दाबाचाच. जळालेल्याची वायर पिनेसकट कापून देशी ठोकळ्याला जोडून देणारा माणूस पाहिजे होता.

"बिभीषण करील की," काकू सहज बोलून गेल्या. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी सरांना म्हटलं, मी हे कळंबला नेतो. नाहीतर बिभीषणकडंच नेतो, शाळेचं काम आहे म्हणून सांगतो. कुणाचं ते त्याला कळायचं कारण नाही. माझ्या हुशारीवर मी जरा खूश होतो. सरांनी डावा हात वर करून मला थांबवलं आणि जड जिभेनं एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "प्लग म्या उपटला हुता. म्याच जातो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी बुटांना खडू लावून दिला. सरांनी शिट्टीकडं पाहिलं, पण घेतली नाही. ते पुढं काठी टेकत, मी मागं पिशवीत जळका ठोकळा घेऊन. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडले होते. हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली, कुणी नमस्कार केला. सरांनी कुणाकडं पाहिलं नाही. उजवा हात त्यांनी शर्टाच्या दोन बटणांमध्ये अडकवून ठेवला होता, लोकांना लोंबता दिसू नये म्हणून.

बिभीषण दुकानात मोटार उघडून बसला होता. दुकान जवळ आलं तशी काठी भरभर पडायला लागली, मान पलीकडच्या ज्वारीकडं वळली आणि सर दुकानावरून सरळ पुढं निघून गेले. अशा वेळी शहाणा माणूस गप्प राहतो. मी म्हणालो, "सर, दुकान मागं राहिलं."

त्यांनी मान हलवली. ऐकू आल्याची खूण करायला आता हात मोकळा नव्हता.

मग तो अख्खा वळसा. कमान, शाळेची भिंत, घरामागची बोळ, पुन्हा स्टँड. त्या पायानं. कपाळावरून घाम निथळत होता आणि खडू लावलेला एक बूट घसटून काळा पडला होता. दुसऱ्या खेपेलाही ते दुकानापाशी आले, क्षणभर काठी अडखळली, आणि पुढं गेले. या खेपेला बिभीषणनं मान वर करून पाहिलं. मी त्याच्याकडं बघून हसलो. का हसलो, मला माहीत नाही. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

तिसऱ्या वळशाला मी सरांना म्हटलं, रिक्षा बोलावतो, घरी जाऊ, काकू मला घरात घेणार नाहीत. ते चालतच राहिले. एका तरण्याताठ्या पोराला ज्यांनी कानाला धरून भर बाजारातून नेलं होतं, ते आता त्याच गावातून स्वतःला ओढून नेत होते, आणि माझ्यासकट सगळं गाव बघत होतं.

लांबून दुकान दिसलं तेव्हा बिभीषण आत नव्हता. तो बाहेर येऊन पायरीवर बसला होता, रस्त्याकडं पाठ करून. एक गुडघा टेकलेला, टाच उचललेली, दोन्ही हातांची बोटं जमिनीला. पोट सुटलेला, बनियन ऑइलनं माखलेला बाप्या. शेजारी एक गिऱ्हाईक खांद्यावर मोटार घेऊन उभं होतं आणि विचारत होतं, की बिभीषण, आमचं कवा व्हायचं. मान न वळवता तो म्हणाला, "थांब जरा."

सर थांबले. काठी माझ्याकडं दिली. डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात बटणांतून सोडवला, उचलला आणि बिभीषणच्या दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला. ओठ बराच वेळ हलत राहिले. शब्द अर्धाच आला.

बिभीषण उठला. वळून पाहिलं नाही, वळायचं नसतंच. सरळ समोर, दुकानाच्या पार आतल्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथं कळकट फडक्यानं तोंड पुसत उभा राहिला. आणि सर, नियमाप्रमाणं, त्याच्या सुटलेल्या जागेवर खाली बसायला लागले. मी आणि त्या गिऱ्हाइकानं दोन बाजूंनी धरलं तेव्हा कुठं ते पायरीवर टेकले. रस्त्याकडं पाठ, दुकानाकडं तोंड.

मग आतून आवाज आला, "सत्या, काय जाळून आणलंयस?"

मी ठोकळा पुढं केला.

"थेट लावला व्हय रं? पोरांना काय शिकवतूस मग?"

तो ठोकळा त्यानं तिथंच, सरांच्या समोर बसून, जोडून दिला. दोघांत एका शब्दाचं बोलणं झालं नाही. निघताना सरांनी मान खाली घातली, बिभीषणनंही घातली, आणि मी कुठं बघावं ते न कळून दोघांच्या पायांकडं बघितलं.

त्यानंतर खेळ सुरू झाला. काठी टेकून, पाय रोवून सर टीव्हीपुढं उभे राहायचे, दांडी उजव्या मुठीत पट्ट्यानं बांधलेली. पहिल्यांदा चेंडू त्यांच्या पायाशीच पडायचा. पुढं एखाद-दुसरी बाटली हलायला लागली. बिभीषण दुकान बंद करून यायचा. आम्हाला पलंगावर आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसावं लागायचं, काकूंनासुद्धा. निम्मे टीव्हीकडं, निम्मे भिंतीकडं. माझ्या वाट्याला नेहमी भिंत. त्या डब्यातलं घड्याळ अमेरिकेचंच राहिलं होतं. मी ते बदलून द्यायला निघालो, तर सरांनी बदलू दिलं नाही. आपल्याकडं संध्याकाळ झाली, की त्या घड्याळात नातवंडांची शाळेला निघायची वेळ व्हायची. सर ते बघून समाधानानं म्हणायचे, "निघाली आसतील." 

बाटल्या पाडून सरांना कंटाळा येईल म्हणून मी पुण्याहून क्रिकेटची डिस्क मागवली. मोठा गाजावाजा करून ती डब्यात घातली. डब्यानं ती वाचायला नकार दिला आणि थुंकल्यासारखी बाहेर टाकली. तिकडचा डबा इकडची डिस्क चालवून घेत नाही, हे मला पुन्हा वैशालीनंच सांगितलं. बिभीषण भिंतीकडं तोंड करून इतका हसला, की काकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. सर मात्र त्या डिस्ककडं बघत म्हणाले, "पाहुण्याला त्याच्या घरचंच लागतंय. त्याचा काय दोष?" ती डिस्क त्यांनी बशी म्हणून वापरली. उजव्या हातानं त्यांनी पहिल्यांदा चहाचा कप उचलला तो तिच्यावरूनच.

खेळ चालू असताना एकदाही दहावीतल्या त्या संध्याकाळचा विषय निघाला नाही. मला वाटायचं, पायरीवर जे झालं त्यात सगळं आलं. मी तसं वर्गात, स्टाफरूममध्ये, हॉटेलात, जिथं ऐकणारे मिळतील तिथं सांगतही होतो. वळशांची नक्कल करून दाखवायचो. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे आणि मग खरोखरच पुसायचे. गोष्ट छान जमून आली होती.

सरांना दुसरा झटका आला आणि ते गेले, त्याच्या थोडेच दिवस आधीची गोष्ट. मी कळंबच्या एसटीसाठी हायवेच्या या बाजूला उभा होतो. पलीकडं बिभीषणच्या दुकानातून सर बाहेर पडले. अलीकडं ते रोज संध्याकाळी तिथं थोडं टेकायचे. काठी टेकत कमानीच्या दिशेनं चालू लागले आणि रस्त्याकडच्या कडुलिंबापाशी जाऊन थांबले. काही विसरलं असेल म्हणून मी निरखून पाहिलं. काठी हातात होती, टॉवेल खांद्यावर, बूट पायात, आणि हल्ली पुन्हा घालायला लागलेली शिट्टी गळ्यात. विसरलेलं काहीच नव्हतं.

ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग तिथंच, भर रस्त्यात, वळले. आधी काठी फिरवली, मग चांगला पाय, मग दुसरा ओढून घेतला. आणि आल्या वाटेनं परत दुकानाकडं निघाले.

दुकानात मशीन घरघरत होतं. सर पायरीपाशी उभे राहून काहीतरी बोलले. बिभीषणला ऐकू गेलं नसावं, त्यानं कानाला हात लावला. मग खाली वाकून मशीन बंद केलं आणि सरांच्या समोर येऊन उभा राहिला. सर पुन्हा बोलायला लागले, एकेक शब्द उचलून ठेवत.

मला गावातलं सगळं ऐकू येतं आणि ऐकू आलेलं कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी एसटी ज्या बाजूनं यायची तिकडं तोंड केलं आणि त्या दोघांकडं पाठ करून उभा राहिलो.